मावशींनी माइक निवडला

"गेला," माइकच्या दुकानात कानावरचा हेडफोन काढत मावशी म्हणाल्या. "परवा डॉक्टर कापणार तरी काय? आवाज आधीच गेलाय."

"आई, थांबा जरा."

"थांबून काय उगवणार आहे? तूच ऐक. विहिरीत पडून कुणी हाका मारतंय जसं."

सुनेनं ऐकलं, तिचाही चेहरा उतरला.

परवा घशातली गाठ काढायची होती. आवाज राहील का, असं विचारल्यावर डॉक्टर चष्मा पुसत बसले, तेव्हाच मावशी काय ते समजल्या. लाँड्रीत तीस वर्षं इस्त्री फिरवता फिरवता त्यांनी चाळीसेक गाणी रचली होती. शिक्षण दुसरीपर्यंत, कागदावर एक ओळ नाही. शब्द सून उतरवून घेईल, पण चाल? ती सगळी या एका घशात. घरी सगळं रेकॉर्ड करायला हातात उद्याचा एकच दिवस होता.

फोन संपवून दुकानदार आला. "आजी, तुम्ही याच्या टाळूवर गायलात. हा कंडेन्सर माइक, याला बाजूनं ऐकू येतं. ही खूण आहे ना, तिच्यासमोर गा. वीतभर लांबून."

"मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं?"

सून खुदकन हसली. मावशी पुन्हा गायल्या. हेडफोनमध्ये आवाज परत आला, अख्खा. जिवात जीव आला, पण क्षणभरच. श्वासाची धाप, तिसऱ्या ओळीला लागलेली अडखळ, पत्र्यावर वाळू सांडावी तशी खरखर, सगळंच आलं होतं. आपण असं गातो?

दुकानदारानं दुसरा माइक लावला. "हा जरा मऊ आहे. खरखर पोटात घालतो."

घातली. मावशी वीस वर्षांनी लहान झाल्या. मनात म्हणाल्या, हाच. ऐकणाऱ्याला कशाला कळायला हवं, म्हातारी शेवटी कशी गायली ते?

"आता तू वाजव गं. साथ तुझीच आहे."

सुनेनं व्हायोलिन काढलं. मावशी डोळे मिटून ऐकत राहिल्या, मग कपाळाला आठ्या पडल्या.

"तुझं कुरकुरणं कुठे गेलं?"

"कसलं?"

"एका तारेवरून दुसरीवर गेलीस की कुरकुरतं ते. अकरा वर्षं ऐकून कान किटले माझे. इथे नुसतं लोणी. कोण वाजवतंय हे कळणार कसं?"

सुनेनं व्हायोलिन खाली घेतलं. मावशींचा हात गळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"पहिला दे," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

"आजी, त्यात तुमची खरखर..."

"ऐकली. माझीच आहे ती."

टॅक्सीत बसल्यावर मात्र त्यांनी ओठ मिटून घेतले. डॉक्टरांनी बजावलं होतं, उद्या गायचं असेल तर आज माइक घेऊन झाला की मौन. खोका मांडीवर धरून त्या बाहेर बघत होत्या. ड्रायव्हरनं चुकीचं वळण घेतलं. मावशी ताडकन पुढे वाकल्या, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. नुसता हात हलला.

ड्रायव्हरला तो दिसला नाही. सुनेला दिसला.

"अहो, डोळे काय घरी ठेवून आलात?" ती भीतभीत म्हणाली. "मागे घ्या गाडी."

मावशींनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग तळहात हळूच वर उचलला: अजून थोडा मोठा आवाज.