मुदतीचं वर्ष

मला एक वर्षाची मुदत मिळाली होती. कोर्टाची नव्हे, सासऱ्यांची. पण आमच्या सासऱ्यांचा शब्द कोर्टाच्याही वरचा, कारण त्यावर अपील नाही.

बायको सकाळी कामावर गेली ती परत आली नाही. एका हॉटेलच्या लाँड्रीत ती देखरेखीला होती. चादरींच्या गठ्ठ्याशी खाली बसली आणि तिथेच संपली. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. मी तिला घरी, म्हणजे आमच्या देशात घेऊन गेलो. सगळं आटोपलं, आणि मग सासरच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या प्रत्येकाने आळीपाळीने तेच सुरू केलं. पोरीला इथेच राहू द्या. परक्या मुलखात एकटा पुरुष काय सांभाळणार? मावशी आहे ना तिला. माय मरो पण मावशी जगो.

ही म्हण त्या दोन आठवड्यांत ऐकून ऐकून माझे कान किटले. त्या म्हणीत बापाचं नावच नाही. एकदा मी न राहवून म्हणालो, "माय मेली, मावशी जगली, आणि बाप काय बाजारात गेला होता?" मग सासरे, म्हणजे आप्पा, म्हणाले, "बरं. एक वर्ष बघा. वर्ष झालं की मोठी तिकडे येऊन जाईल. तिला पटलं तर लेक तुमच्याकडे. नाही पटलं तर मग वाद घालायचा नाही."

मोठी म्हणजे बायकोची थोरली बहीण. बायको ताई म्हणायची म्हणून मीही ताईच म्हणतो. त्या घरी ब्लाउज शिवतात. दोन मुलगे मोठे होऊन आपापल्या मार्गाला लागलेत. त्या दिवशी ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. कोपऱ्यात बसून आमच्या भिंगरीच्या फ्रॉकचा उसवलेला खिसा शिवत होत्या. मला वाटलं, झालं, आतापासूनच ताबा घेतला.

भिंगरी हे मी ठेवलेलं नाव. तेव्हा ती आठ वर्षांची होती, आता नऊ. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. आई गेल्यापासून ती फार शांत बसते, पण नाव आता कोण बदलणार?

तर हे वर्ष कसं गेलं ते सांगतो. ताई येणार त्याच्या आधी मी हे सगळं मनाशी इतकं घोकलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

सुरुवातीलाच एका लाल मोज्याने आमचे सगळे पांढरे कपडे गुलाबी केले. ते शर्ट मी तसेच कामावर घातले. मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. तिथे तेल आणि वंगण लागून शर्टाचा रंग तसाही कोणी विचारत नाही. साहेबांनी मात्र विचारलं, "काय, नव्याने लग्न ठरलं की काय?" त्यांना माहीत नव्हतं. मग कोणीतरी सांगितलं असावं, कारण दोन दिवस ते माझ्याशी फार गोड बोलत होते. त्याचा मला जास्त त्रास झाला.

वेणी घालायला मी कामावर शिकलो. जेवणाच्या सुट्टीत वायरचे तीन तुकडे पाइपला बांधायचे आणि घालत बसायचं. तरी माझी वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटायचीच. मग एका सकाळी भिंगरी स्वतःच दोन घट्ट वेण्या घालून समोर उभी राहिली. मी म्हटलं, पोरगी माझ्यावर गेलीय, बघून शिकते. पुढे माझ्या शर्टाची तुटलेली बटणं आपोआप लागायला लागली. एक दिवस घरी आलो तर भात तयार, पाणी अगदी बेताचं. मी फुशारून गेलो. बाप एकट्याने पोर वाढवतो तेव्हा पोर अशी तयार होते, असं मी कामावरच्या दोघातिघांना ऐकवलंसुद्धा. आपलीच पाठ आपणच थोपटायची, दुसरं होतं कोण?

शाळा सुटल्यावर मी येईपर्यंत समोरच्या फ्लॅटमधल्या बाई भिंगरीला आपल्याकडे बसवत. भली बाई. पण दोनतीन महिन्यांतच त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि दुसरं कोणी मिळेना. मी भिंगरीला किल्ली दिली. आईचा जुना फोनही दिला, अडीअडचणीला असू दे म्हणून. सांगितलं, दार आतून लावायचं, कोणी वाजवलं तरी उघडायचं नाही, आणि रविवारी यातलं काही बोलायचं नाही. ती "बरं" म्हणाली.

रविवारी सासरी फोन असायचा, एकमेकांना बघत बोलायचा. आम्ही दोघं आंघोळी करून सोफ्यावर बसायचो. मागे धुतलेले पडदे. मी फोन हातात असा धरायचो की सोफा आणि पडदे यांच्यापलीकडे काही दिसू नये. सासरे तब्येत विचारायचे. ताई मागून विचारायच्या, "समोरच्या बाई बऱ्या आहेत ना?" मी म्हणायचो, "अगदी. भिंगरीवर फार जीव त्यांचा." भिंगरी मान हलवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदाच फार उशीर झाला. एका मोठ्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत माणसं. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलो की फोन लागत नाही. सगळ्यांना बाहेर काढून मी घरी आलो तोवर भिंगरीची झोपायची वेळ टळून गेली होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. डोळे लाल. म्हटलं, "टीव्ही बघत होतीस ना?" ती म्हणाली, "हो." मी थोडा रागावलो, मग जेवायला वाढलं. तिला भूक नव्हती. तेव्हाही मला वाटलं, बघा, केवढी खंबीर झाली आहे.

असं ते वर्ष. ताप आला, उतरला. बूट लहान झाले, नवे घेतले. शाळेत पालकांना बोलावलं, मी गेलो, बाई म्हणाल्या अभ्यास उत्तम आहे, फक्त बोलत नाही. मी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडून दिलं.

आणि मुदत भरली. ताई आल्या.

विमानतळावर मी त्यांच्या पाया पडलो. भिंगरी पुढे होऊन त्यांच्या कमरेला बिलगली आणि म्हणाली, "खोकला गेला का गं?" ताई म्हणाल्या, "गेला." वर्षाने भेटणारी माणसं अशी भेटत नाहीत, हे मला जाणवलं. पण माझं डोकं दुसरीकडेच होतं. मी भाषणाची उजळणी करत होतो. घरातला कोपरा न् कोपरा घासून ठेवला होता. बघू द्या म्हटलं, काय खोट काढायची ती काढा.

घरात आल्यावर ताई दारातच थबकल्या. बाथरूम कुठे ते विचारलं. हातपाय धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा भाऊजी, चहा मी टाकते."

मी मागोमाग गेलो, काय कुठे आहे ते दाखवायला. दाखवावं लागलंच नाही. कपांच्या कपाटाचं दार बिजागरीत अडकतं, ते थोडं उचलून ओढावं लागतं. ताईंनी ते उचलून ओढलं. गॅसची डावीकडची शेगडी पेटत नाही; त्यांनी सरळ उजवीकडची लावली. साखर जुन्या कॉफीच्या डब्यात असते, त्यांनी तोच डबा घेतला. मग दूध घ्यायला वळल्या आणि थांबल्या. फ्रिज कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं. फ्रिज टेबलाच्या मागच्या भिंतीशी आहे, खिडकीच्या बाजूला. त्या खिडकीकडे बघून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "इकडे खिडकी आहे होय."

टेबलावर फोन उभा करून ठेवला तर जेवढं दिसेल तेवढं स्वयंपाकघर ताईंना पाठ होतं. त्याच्या मागचं काहीच माहीत नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

ताईंनी चहा उतू जाऊ दिला नाही. गॅस बारीक केला आणि मग म्हणाल्या, "समोरच्या बाई गेल्या त्या दिवसापासून. पहिल्यांदा फोनवर माझ्या बहिणीचं नाव आलं तेव्हा हातातली कात्री पडली माझ्या. उचलला तर ही. म्हणाली, मावशी, घरात कोणी नाहीये, तू नुसती चालू राहा."

"रोज?"

"रोज. शाळेतून आली की लावायची. मी मशीनवर बसायची, ही टेबलाशी. तिकडे आमची रात्रीची जेवायची वेळ. ताट पुढ्यात घेऊनच बसायची मी. वेणी, बटणं, भात, सगळं तसंच झालं. तुमची किल्ली दारात वाजली की ही फोन बंद करायची. वर्षभर तुमचा चेहरा मला फक्त रविवारी दिसला, सोफ्यावरचा."

तोंडात मारल्यासारखा मी उभा होतो. वर्षभर मी ज्याचा टेंभा मिरवत होतो ते सगळं या बाईने ब्लाउज शिवता शिवता केलेलं होतं. वर मी तिलाच दर रविवारी समोरच्या बाईंची खुशाली सांगत होतो. मला राग आला, खरं सांगतो. आधी राग आला, लाज नंतर.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही फोन काढून घेतला असता. नसता घेतला?"

ताई आता माझ्याकडे बघत होत्या. "त्या अडकलेल्या लिफ्टच्या दिवशी ही किती रडली माहीत आहे का तुम्हाला? बाबा पण गेला, बाबा पण गेला, एवढंच म्हणत होती. मी इतक्या लांब. तुमच्या शहरात मी कोणाला ओळखते? कोणाला फोन करू? देवाला हात जोडत बसले रात्रभर. भाऊजी, त्या दिवशी मी ठरवलं. मी हिला न्यायला आलेय. तिचं तिकीट काढूनच आलेय."

वर्षभर घोकलेलं भाषण माझ्या डोक्यात जसंच्या तसं होतं. त्यातलं एक वाक्यही कामाचं राहिलं नव्हतं. मला ती टेबलाशी बसलेली मुलगी आठवली, लाल डोळ्यांची, आणि मी तिला टीव्हीवरून रागावलो होतो ते. माझी लेक रोज दुपारी दार आतून लावून एका फोनसमोर बसत होती, आणि मी त्याला वाढवणं म्हणत होतो. मी खुर्चीत बसलो.

"न्या," मी म्हणालो. "तुमचं बरोबर आहे. न्या तिला."

भिंगरी दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती रडली नाही, ओरडली नाही. मावशीकडे बघून अगदी समजावल्यासारखी बोलली.

"मला नाही येता येणार मावशी."

"का गं राणी? तुला माझ्याकडे आवडत नाही?"

"आवडतं. पण मग बाबा कामावरून आला की नाही ते कोणाला कळणार? इथे कोणीच नसेल."

ताईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"तो नाही आला तर कोणाला कळणारच नाही," भिंगरी म्हणाली. "म्हणून मी बसते ना."

मी बायकोच्या मरणालाही असा रडलो नव्हतो. तेव्हा माणसं होती, करायची कामं होती. आता मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून, समोर ताई आणि लेक असताना, तोंडावर हात घेऊन रडलो. वर्षभर ती पोर माझी राखण करत होती. भिंगरी जवळ येऊन माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली, तेव्हा ताईंनी तिला हाताला धरून बाजूला घेतलं. "त्याला रडू दे," त्या म्हणाल्या. "ते तुझं काम नाही."

मग पुष्कळ वेळाने, चहा गार झाल्यावर, त्या मला म्हणाल्या, "तिकीट मी रद्द करते. आप्पांना मी काय ते सांगेन. पण भाऊजी, हिला यातून मोकळं करा. कसं ते तुम्ही बघा. मी महिनाभर आहे."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि वर्षभर लपवलेलं सांगून टाकलं: घरी लहान मुलगी एकटी असते, मला दुपारी सुटायला हवं. साहेब म्हणाले, दुरुस्तीच्या गाडीवर तसं जमणार नाही, पण एका इमारतीत सकाळची तपासणी आहे, पगार कमी पडेल. मी हो म्हटलं. त्या दिवसापुरती त्यांनी सुट्टी दिली, म्हणाले, जा आजच.

ताई घरी होत्या, पण मला स्वतःच जायचं होतं. मी शाळेच्या फाटकातून आत गेलो आणि वर्गाबाहेरच्या लांब ओसरीत उभा राहिलो. घंटा झाली, मुलं धावत सुटली. भिंगरी बाहेर आली, तिने मला बघितलं आणि जागच्या जागी थांबली. दप्तर खांद्यावरून घसरलं. ती जवळ आलीच नाही. तिथूनच तिने विचारलं, "मावशीला काय झालं?"

"काही नाही झालं. घरी आहे, वाट बघतेय तुझी."

"मग आजोबांना?"

"कोणालाच काही नाही झालं गं. मी तुला न्यायला आलोय. उद्यापासून रोज मीच येणार."

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. मग दप्तर उचललं, माझा हात धरला आणि आम्ही चालायला लागलो. फाटकाच्या बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, उद्या आत नको येऊस. इथे बाहेर थांब, सगळे थांबतात तिथे."

"का गं?"

"मला न्यायला तू एकदाच आत आला होतास," ती म्हणाली. "आई गेली त्या दिवशी."

मी बरं म्हटलं.