वाचणारी आणि बघणारा

मला कुणी विचारलं, तातेराव, तुमचा धंदा काय, तर मी सांगायचो, दुसऱ्याच्या चुका काढणं. लोक हसायचे. म्हणायचे, त्यात काय मोठं, ते तर आमची सासू बी करती. हसा म्हणावं. जालन्यात मस्तगडच्या प्रेसमधी मी बावीस वर्षं प्रूफ तपासलं, अन् त्यातली अकरा ज्योत्स्नाबाईसंगं.

आमच्या प्रेसमधी प्रूफ एकट्यानं तपासत न्हाईत. एकानं मूळ कागद हातात धरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील कागदावर नजर ठेवायची, अन् जुळलं की म्हणायचं, बराबर. ज्योत्स्नाबाई वाचणारी, मी बघणारा. शेवटच्या प्रूफावर सही मातर एकच, वाचणाऱ्याची. जुन्या मालकानं घालून दिलेली रीत होती ती. तो म्हणायचा, बघणारा डोळ्याचं निमित्त सांगंल, वाचणाऱ्याला निमित्त न्हाई.

ह्या रीतीनं घात केला. न्हाई, खोटं कशाला बोलू, घात मी केला.

आमच्याकडं कामं बहुतेक कॉम्प्युटर क्लासवाल्यांची. त्यातल्या इंग्रजीचं एक लफडं असतंय. एकाच शब्दाची अमेरिकेची स्पेलिंग एक अन् विलायतेची दुसरी. ऐकायला दोन्ही सारख्याच. मंग बाई आपल्या पद्धतीनं वाचायची, "कलर, यूवाला. कलर, बिनयूचा. प्रोग्राम, शेपटीवाला. प्रोग्राम, भुंडा." शेपटी म्हंजी मागचं एमई. मी म्हणायचो, "बाई, एखाद्या इंग्रजानं ऐकलं तर कपाळ बडवून घेईल." ती म्हणायची, "बडवू द्या. दोन-दोन स्पेलिंगा करायच्या आधी इचार करायचा व्हता त्यानं." अन् दोघं हसत बसायचो. आताचा मालक, शेठ, केबिनच्या काचेतून डोळे वटारायचा.

मागल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला माझं बिनसलं. कागदाकडं बघावं तर अक्षराच्या जागी नुसता डाग. कडंचं सगळं दिसायचं, टेबल, पंखा, बाईचा पदर. ज्याच्याकडं बघावं तेच तेवढं दिसायचं न्हाई. डॉक्टर म्हणाला, डोळ्याचा पडदा झिजलाय, चष्मा बदलून उपेग न्हाई, मधलं दिसणं जाणार. कागदावर लिहून बी दिलं त्यानं. तो कागद मी कपाटात कपड्याखाली घातला.

कुणाला सांगितलं न्हाई. बायको जाऊन सहा वर्षं झालती, पोरगं पुण्याला. प्रेस सुटली तर मी सकाळी उठून जायचं कुठं? तिथं अकरा वाजता बाई "काका, बसायचं का?" म्हणायची, दिवसभरात माझ्याशी धड बोलणारं तेवढं एकच माणूस. मंग बाई वाचायची अन् मी कागदावर बोट सरकवत म्हणायचो, बराबर. चौदा महिने असं काढलं अन् एक चूक बाहेर गेली न्हाई. मला वाटलं, दैव आपल्या बाजूनं हाय. माणूस किती गाढव असावा त्याला बी काही माप असतंय का?

मंग ते पुस्तक आलं. गोंधळात पाडणाऱ्या स्पेलिंगांचंच पुस्तक व्हतं, एका क्लासवाल्या मास्तरचं. पानावर दोन रांगा, डावीकडं अमेरिकेची स्पेलिंग, उजवीकडं विलायतेची. पुस्तकाचा सगळा जीव त्या दोन रांगांमधल्या फरकात. आमचा ऑपरेटर मिथुन, दोन लेकरांचा बाप हाय, पण घाई अंगात भिनलेली. मशीन उजव्या रांगेतल्या शब्दांखाली लाल रेघा ओढून राह्यली व्हती. ह्यानं कटकट नको म्हणून सगळं बदलायचं बटण दाबलं. उजवी रांग डावीसारखी होऊन बसली. 'डिस्क' हा शब्द तेवढा वाचला, कारण त्याच्या दोन्ही स्पेलिंगा मशीनला पटतात म्हणे.

आम्ही सकाळी वाचायला बसलो. बाई म्हणायची, "सेंटर, ईआर. सेंटर, आरई." मी म्हणायचो, "बराबर." आंधळा सोडून कुणाला बी दिसलं असतं, समोर दोन्हीकडं एकच शब्द छापलेला व्हता. मी नव्वद पानं बराबर म्हणलो.

शेवटचं पान झालं अन् बाईचा फोन वाजला. धावड्याहून, तिच्या सासरच्या गावाहून. तिची सासू गिरिजाबाई अंगणात पडल्या व्हत्या, खुबा मोडला व्हता. बाईला नवरा न्हाई, असल्या येळेला धावणारी तीच. तिनं उभ्यानंच पिशवी उचलली, प्रूफावर सही केली अन् म्हणाली, "काका, उजवी रांग डोळ्यात तेल घालून बघितली ना?"

"बिनघोर जा," मी म्हणलो.

बाई धावड्याहून परतायच्या आत तीन हजार प्रती छापून झाल्या, बांधून झाल्या, मास्तरच्या क्लासात पोरांच्या हातात पडल्या. पोरंच हसली म्हणे आधी. मास्तर प्रेसमधी येऊन जे बोलला ते लिहिण्यासारखं न्हाई. तो गेल्यावर शेठनं आम्हा दोघांना आत बोलावलं. पुस्तक टेबलावर आपटून म्हणला, "कुणी तपासलं हे?"

कुणी बोलंना. मी पंख्याकडं तोंड करून उभा राह्यलो. लई येळानं बाईचा आवाज आला.

"सही माझी हाय, शेठ."

त्या दिवशीच तिला काढलं. तिनं डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या. मला "येते काका" म्हणाली. मी नुसती मान हालवली.

पुढं शेठनं मला पावत्या मोजायला बसवलं. महिन्याभरानं मिथुन माझ्याजवळ येऊन बसला. त्याचं बी मन त्याला खाऊन राह्यलं व्हतं. म्हणला, "काका, बाई दुपारी सगळं प्रूफ पुन्हा एकटीच तपासायची. तुम्ही डबा खाऊन लवंडायचा ना, तवा. काकांना सांगू नको म्हणायची."

"कवापासून?"

"वर्ष तरी झालं असंल. त्या दिवशी फोन आला न् राह्यलं."

मी तिथंच रडलो. साठीतला माणूस, पावत्यांच्या गठ्ठ्यावर. वर्षभर ही बाई अर्धपोटी जेवून माझं आंधळेपण झाकत व्हती, अन् मी दैवाचे आभार मानून राह्यलो व्हतो.

दुसऱ्या दिवशी भोकरदनवरून धावड्याला गेलो. तिनं जालन्याची खोली सोडलती. गिरिजाबाई आत खाटेवर, बाई रानातल्या मजुरीवरून नुकतीच आलती. तिनं मला ओसरीवर बसवलं, चहा दिला. मी म्हणलो, "मला सगळं कळलं बाई. उद्याच शेठला सांगतो, चूक माझी हाय, माझे डोळे गेलेत. तुम्हाला परत घ्यायला लावतो."

"सांगा," ती म्हणाली. "तुमच्या जिवाला बरं वाटंल. मला न्हाई यायचं."

"का?"

ती म्हणाली, "काका, शेठनं विचारलं तवा मी लगेच बोलले न्हाई. तुमच्याकडं बघत उभी राह्यले. वाटलं, आता काका बोलतील. तुम्ही नुसतं तोंड उघडलं असतं तरी मी तुम्हाला गप केलं असतं. सही माझी, मीच जाते, म्हणले असते. नोकरी तशी बी गेलीच असती. पण अशी गेली नसती."

मी हातातल्या कपाकडं तोंड केलं.

"मी बघून राह्यले ते तुम्हाला दिसलं न्हाई का?"

सबब आयती व्हती. दिसलं न्हाई म्हणलो असतो तर तिनं मानलं असतं, डॉक्टरचा कागद बी माझ्याच बाजूनं व्हता. पण त्या खोलीत किती येळ कुणी बोललं न्हाई, अन् ते कुणासाठी, हे समजायला डोळे लागत न्हाईत.

"कळलं व्हतं," मी म्हणलो.

ती उठली. "सव्वाचारला भोकरदनची गाडी हाय," म्हणाली, "ती चुकली तर मंग तुमचे हाल व्हतील." माझ्या हातातला कप घेऊन ती आत गेली. चहा अजून अर्धा व्हता.