ट्रंकेच्या पोटातला भात

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. मित्रांनो, मला स्वयंपाक येतो की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्ही ऐका, आणि तुम्हाला उलगडा झाला तर मलाही सांगा.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या ठोकाठोकीतून झाला. तो इतक्या जोरात ठोकायचा की गल्लीतले ठार बहिरे लोकसुद्धा वैतागून घरं बदलायचे. एकदा मी ट्रकच्या टपावरून खाली पडले. मला पोचा आला नाही, रस्त्याला आला. खोटं वाटत असेल तर रस्त्याला विचारा.

मग एका नव्या नवरीबरोबर मी या घरात आले. तिची लोकरीची वस्त्रं मी वर्षानुवर्षं पोटाशी धरली. आपल्या ट्रंकेत कधी कसर शिरली नाही, असं ती चारचौघींत कौतुकाने सांगायची. पुढे आरशाचं कपाट आलं आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर कुंडी चढली, कुंडीत मांजर झोपू लागलं. नवरीची सासूबाई झाली, तरी मी तिथेच.

एके सकाळी घरच्या सुनेने मला उचलून स्वयंपाकघरात आणलं. माझ्या पोटात फाटक्या रजया, जुने स्वेटर, चपट्या झालेल्या उशा गच्च भरल्या. मधोमध एक भांडं ठेवलं, तेही असं तापलेलं की माझा पत्रा शहारला. वर आणखी उशी, आणि झाकण बंद. मी गोंधळून गेले. भांड्याला ताप आला असावा आणि त्याला घाम यावा म्हणून पांघरूण घातलं असावं, असा मी अंदाज केला. पण दुपारी झाकण उघडलं तर आत मऊ, वाफाळता भात! सासरेबुवा ताट पुढे ओढत म्हणाले, "वा, ट्रंकेने शिजवला की!"

झालं. माझ्या पोटात जाळ आहे, अशी माझी खात्री पटली. भात काय, वाटाणे काय, रोज काही ना काही शिजू लागलं. सिलिंडर पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरू लागला. सुनेचं म्हणणं एवढंच, की गॅसही वाचतो आणि स्वयंपाकघराची भट्टीही होत नाही. सासूबाईंना मात्र हे पटत नव्हतं. त्यांचा अंगठा रोज माझ्या कोपऱ्यावर ठेचाळायचा. अंथरुणात झोपवलेलं अन्न आपण पाहुण्यांना वाढणार नाही, असं त्यांनी ठणकावलं आणि भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं. सुनेने गयावया केली. शेवटी ठरलं, की रविवारी सासूबाईंची नणंद जेवायला येणार आहे, तिच्यापुढे माझा भात नीट उतरला तर मी राहायचं. नाहीतर सोमवार आहेच.

रविवारी सुनेला कामावर सकाळपाळी आली. भांडं वेळेवर ट्रंकेत ठेवायचं काम तिने सासरेबुवांवर सोपवलं. ते माझे मोठे भक्त. त्यांनी विचार केला, शिजवायला ट्रंक आहे, मग गॅस कशाला पेटवा? नळाचं गार पाणी, त्यात तांदूळ, भांडं माझ्या पोटात, आणि स्वतः पेपर वाचायला मोकळे.

मी जोर लावला, मित्रांनो! कड्या ताणल्या, बिजागऱ्या आवळल्या. जाळ काही पेटेना.

नणंदबाई आल्या, ताटं मांडली, सून धापा टाकत कामावरून परतली. झाकण उघडलं. गार पाण्यात तांदूळ निवांत पोहत होते.

"बाबा, उकळी आणली होती ना तुम्ही?"

"उकळी?" सासरेबुवा चष्मा काढत म्हणाले, "मग ही काय करते?"

"ती काहीच करत नाही हो. आलेली ऊब जाऊ देत नाही, एवढंच."

हे ऐकून मला घेरीच आली. काहीच करत नाही? मग इतके दिवस कौतुक कशाचं? नणंदबाई गालात हसून म्हणाल्या, "वहिनी, उपास आहे असं आधी कळवायचं तरी." सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी भांडं ओढलं आणि तणतणत गॅसवर चढवलं. कशीबशी उकळी आली, आणि ज्योत फडफडून विझली. सिलिंडर संपला.

सासूबाईंनी शेगडीकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फडक्यात धरून भांडं त्यांनी स्वतः माझ्या पोटात ठेवलं, उशा दाबल्या, झाकण लावलं आणि वर बसल्या. सासरेबुवांनी जरा डोकावून बघूया म्हटलं, तर म्हणाल्या, "हात लावाल तर बघा. वाफ गेली की मी मेले."

मी काय करायचं ते मला कळेना, म्हणून काहीच केलं नाही. जमेल तितकं मन लावून केलं नाही. जेवणं उशिरा झाली, पण शीत न शीत मोकळं होतं. नणंदबाईंनी दोनदा मागून घेतला.

सोमवारी ठरल्याप्रमाणे भंगारवाला आला. त्याने माझ्या कड्यांना हात घालून मला उचललंच होतं, तेवढ्यात सासूबाई ओल्या हाताने बाहेर धावल्या.

"सावकाश रे बाबा, खाली ठेव. आत भात आहे."

शेजारणीच्या शेगडीवर उकळी आणून त्यांनी पहाटेच भांडं ठेवलं होतं.

तर मित्रांनो, माझ्या रजयांना अधूनमधून ऊन दाखवत जा, आणि मध्येच झाकण उचलून डोकावू नका, एवढीच विनंती. बाकी माझा गोंधळ आहे तसाच आहे. काल वीज गेली, तर सुनेने माझ्या पोटात बर्फाचं भांडं गुंडाळून ठेवलं, आणि तो संध्याकाळपर्यंत बर्फच राहिला. आता तुम्हीच सांगा, मी गरम आहे की गार?