बुंदीने ओलांडलेल्या लाद्या

"हे सांगितलं तर अख्ख्या बदलापुरात एकालाही पटायचं नाही. तूसुद्धा म्हणशील, आबाने पुडी सोडली!"

गुप्तेसाहेबांनी सोफ्यावर मांडी ठोकली आणि नातीकडे पाहिलं. साहेब सोडून घरचे सगळे दोन दिवस विठ्ठलवाडीला इराच्या मावशीकडे राहून आत्ताच परतले होते. खाली गाडी लावणं चाललं होतं, आणि नऊ वर्षांची इरा मात्र जिना धावत चढून आली होती. पाठीवरची सॅक तशीच ठेवून ती पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली. आत गिनीपिगची दोन पिल्लं असायला हवी होती, शेव आणि बुंदी. होती फक्त शेव.

"बुंदी कुठेय?"

"तेच तर सांगतोय ना बाळा!"

सांगण्यात गुप्तेसाहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं अप्रेंटिस पोरं घडवली. पोरांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. पण भोंग्याने गोष्ट सुरू केली की एकही पोरगं जागचं हलत नसे. हलणाऱ्याला ते तासभर उन्हात उभं करत, हा भाग वेगळा. निवृत्त झाल्यावर श्रोते गळाले. आता साहेबांनी तोंड उघडलं की मुलगा मोबाईल उघडी आणि सून मीनल कुकर लावायला उठे. उरली होती एकटी इरा. ती उठली की संपलं, पुढे भिंतींना सांगायचं.

म्हणून तर त्यांना इराला थक्क करायचं होतं.

पिल्लं पिंजऱ्याबाहेर फिरायला अजून घाबरत. काय करायचं, ते मीनलने डॉक्टरांना विचारून कागदावर लिहिलं होतं आणि कागद फ्रीजला चिकटवला होता. खाली चादर पसरायची, लपायला खोका ठेवायचा, आपण जमिनीवर पडून राहायचं, ती आपण होऊन येतील. सुरुवातीला दहाच मिनिटं. मागे लागायचं नाही. इरा आठवडाभर रोज शाळेतून आली की पालथी पडून राही. बोटांत कोथिंबीर धरायची आणि स्टीलच्या ताटलीवर नखाने टकटक करायची. टकटक ऐकली की दोघी शीळ घालत. आठ दिवसांत शेव दोन लाद्या चालली. बुंदीचं अजून नाकच बाहेर येत होतं. "आबा, एक लादी आली ना, तरी मी पार्टी देईन," इरा म्हणाली होती.

"आठ दिवसांत दोन लाद्या!" साहेब मनात म्हणाले होते. "आमच्याकडे असती, तर पगार कापला असता."

शनिवारी घर रिकामं झाल्यावर त्यांनी खोका माळ्यावर टाकला आणि चादर गुंडाळली. ताटलीला पिल्लं ऐकतात, एवढं त्यांनी हेरलं होतं. म्हणजे ताटली हाच भोंगा. नखाने काय होणार? त्यांनी दोघींना उचलून फरशीवर ठेवलं आणि झारा घेतला.

पहिल्या दणक्याला शेव पिंजऱ्यात परत घुसली. बुंदी जागच्या जागी थिजली. साहेबांना असली थिजलेली पोरं पाठ होती. तो माज असतो. त्यांनी ताटली तिच्या कानामागे नेली आणि हाणली. बुंदी सुटली. गुळगुळीत फरशीवर पाय घसरत, एक लादी, दोन, तीन, चार! "शाब्बास!" ते ओरडले आणि तिच्या पुढून वाजवली, म्हणजे परतीची फेरी होईल. दहा मिनिटांचं कोण बघतंय? अकराव्या फेरीला ती कुशीवर पडली. पाय हवेत चालत राहिले, मग तेही थांबले.

"नाटकं!" साहेब म्हणाले आणि आणखी एकदा वाजवली.

रविवारी सकाळी ओल्या कचऱ्याच्या बादलीतून, पेपरात गुंडाळलेली बुंदी घंटागाडीत गेली.

"तर काय झालं," साहेबांनी आवाज चढवला, "मी नुसता पालथा पडलो, अगदी तू पडतेस तसा. बुंदी आली बाहेर. हॉलला तीन फेऱ्या! मग सोफ्यावर उडी, खिडकीत उडी, पाइप धरून खाली. वॉचमन हातातला चहा विसरला. खरवईच्या माळावर सशांची बैठक चाललेली. त्यांनी तिला मधोमध बसवलं! मी गॅलरीतून हाक मारली, तर बघितलंन माझ्याकडे आणि शेपूट हलवलीन."

इराच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिला हसू फुटलं. "आबा, गिनीपिगला शेपूट नसते!"

"नसतेच! नसलेली हलवलीन, म्हणून तर कोणाला पटायचं नाही म्हणतो."

ती पुन्हा हसली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. पोरगी बसून होती. उद्या ससे बुंदीला सरपंच करतील, परवा तिचं लग्न लागेल. महिनाभर पुरेल एवढा माल होता.

"शेवला भूक लागली असेल," इरा म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिने ताटलीत कोथिंबीर आणली. ताटलीच्या काठाला पोचे पडले होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं, पिंजऱ्यापाशी बसली आणि नेहमीसारखी नखाने टकटक केली.

शीळ आली नाही. शेव गजांवर आदळली, पुन्हा आदळली, मग कोपऱ्यात तोंड खुपसून सपाट झाली. तिची पाठ थडथड उडत होती.

इराने तळवा ठेवून ताटलीचा आवाज दाबला. तिने शेवकडे पाहिलं, मग काठाच्या पोच्यांकडे.

"मग त्या सशांचा म्होरक्या काय म्हणाला, ठाऊक आहे?" साहेब घाईने म्हणाले.

इरा उठली.

"खोटं. बुंदी कुठेही गेली नाही, आबा. तू ताटली बडवलीस."