वापरात असलेला खंड

तिने तो जाडजूड खंड भूगर्भशास्त्राच्या कपाटात, खडकांवरच्या पुस्तकांमागे आडवा सारला आणि मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

आता शोध म्हणावं!

हळूहळू माणसाचे शब्दच हरपत जातात, अशा एका आजारावर तिचा प्रबंध होता. त्यावरचे जुने लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयात, नियतकालिकांच्या बांधीव खंडांतच मिळायचे. पण हल्ली ती मागेल तो खंड आधीच कुणीतरी नेलेला असे. संगणकावर ठरलेलं उत्तर: ‘वाचनकक्षात वापरात’. तिचा संशय एकावरच होता. तिच्याच मार्गदर्शकाकडे काम करणारा सहकारी. परवा कँटीनमध्ये त्याने उगाचच विचारलं होतं,

"काय मग, कुठवर आलंय?"

तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. आज हा खंड नशिबाने हाती लागला. लेख वाचून झाला, टिपणं काढून झाली, आणि परत ठेवताना पाय भलत्याच कपाटाकडे वळले.

काउंटर दिसेल अशा टेबलाशी ती दबा धरून बसली. थोड्या वेळाने सहकारी आला, कसलंसं पुस्तक परत केलं, तिला हात केला आणि निघूनही गेला.

नाटकी मेला, ती मनात म्हणाली.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काउंटरशी आले. काखेत शब्दकोश होता.

"बाई, कालचा तो खंड जागेवर नाही हो."

ग्रंथपाल बाईंनी संगणकात पाहिलं. "आतच आहे, काका. कुणीतरी भलतीकडे ठेवला असेल."

"अर्धाच झाला होता. एकेक शब्द बघत बसतो ना, वेळ लागतो."

ती उठून जवळ गेली. पडद्यावर तिने लपवलेल्याच खंडाचं नाव होतं. "शब्द हरपण्याच्या आजारावरचे हे खंड तुम्ही नेता?"

"हो. तुम्हालाही लागतात का?" ते ओशाळले. "माझ्यामुळे खोळंबा झाला असेल तुमचा."

तिने त्यांच्या काखेतल्या शब्दकोशाकडे पाहिलं.

"आमच्या हिचे शब्द चाललेत," ते म्हणाले. "मुलांची नावं गेली, भांड्याकुंड्यांची गेली. मला हाक मारते, तेवढं ‘अहो’ राहिलंय. डॉक्टर नीट सांगत नाहीत. तेही जाणार का, एवढंच बघायचंय मला."

शेवटी शब्दांचं काय होतं ते सांगणारं, त्या लेखाचं शेवटचं पान तिने मघाशीच उतरवून घेतलं होतं. तिने वही मिटून पिशवीत घातली, कपाटाकडे गेली आणि खंड घेऊन आली.

"अरे वा! कुठे होता?"

"मागे पडला होता," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

ते खुर्चीत टेकले, चष्मा पुसला.

"तुम्ही यातल्या जाणकार. दिलंय का हो यात तसं काही?"

तिने शेजारची खुर्ची ओढली.

"आपण वाचू या."

त्यांचं अर्धं वाचून झालं होतं. तरी तिने लेखाचं पहिलं पान उघडलं, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचू लागली.