गाळलेली ओळ

"काय लिवलंवतास ता वाच बघू," धोंडीबाई म्हणाली आणि खुर्ची सोडून दारातल्या पायरीवरच बसली.

कमळाकरने चष्मा पुसला. शहापूरच्या स्टँडामागच्या त्या जमीन खरेदी-विक्रीच्या ऑफिसात तो अकरा वर्षं कारकून होता. मालक विपुलशेठ यांचा एकच हेका, तोंडी काही ठेवायचं नाही, सगळं मेलवर टाकायचं. बाकीचे मेल ढकलून मोकळे व्हायचे. कमळाकर मात्र प्रत्येक मेल आधी पुटपुटत वाचायचा, पत्त्यातलं एकेक अक्षर बोट लावून तपासायचा. पोरं त्याला हसायची. पण गेलेला मेल परत येत नाही, हे त्याला एकट्यालाच पटलेलं होतं.

धोंडीबाईचा मेलचा पत्ताही त्याने असाच तीनदा तपासला होता. तिच्या गॅसच्या कागदावरून अक्षर न् अक्षर उतरवून घेतला होता. पत्त्याच्या सुरुवातीच्या 'एम'चा अर्थ काय, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं. जिला वाचता येत नाही, तिचा मेल वाचतं कोण, हेही नाही. तिच्या अख्ख्या खैरपाड्यात ज्याच्या हातात बरा फोन, त्याचाच पत्ता घरातले सगळे देतात, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? आणि तो पत्ता होता मनोजचा, तिने तिसऱ्या वर्षापासून पोसलेल्या पुतण्याचा.

"वाच ना रं."

त्याने वाचलं. "आपल्या नावावरील अर्ध्या जमिनीस गिऱ्हाईक मिळाले आहे. आपल्या सांगण्यानुसार, दस्त नोंदणी होईपर्यंत मनोज यांना याबाबत कळू दिले जाणार नाही."

"आणि?"

"एवढंच, मावशी."

"आनि मी सांगितलंवतं ता कुठं गेला? का आदी सांगितलं तं पोर मना जाऊ द्याचा नाय?"

ती ओळ कमळाकरने आधी टाइप केली होती. मनोजचं लग्न ठरतंय, दोन खोल्यांत नव्या सुनेला माझी अडचण कशाला, रान विकून मुरबाडला लेकीकडे, भाविकाकडे जाते, घर राहू दे पोराला; हे सगळं ती याच पायरीवर बसून बोलली होती. पण मेल कामापुरता असावा, घरगुती मजकूर नको, म्हणून त्याने ती ओळ काळजीपूर्वक गाळली होती.

"मनोज काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"मोबाईल माज्या म्होरं धरला, वाचून दाखवलान आनि गेला. आठ दिस झालं, वाशिंदला कंपनीतच जेवतो. रातचा येतो, भिंतीकडं तोंड करून निजतो."

"माझी चूक आहे, मावशी. मी त्याला आत्ता दुसरा मेल टाकतो, सगळं खुलाशानं."

"नको रं बाबा!" तिने दोन्ही हात जोडले. "तुजा मेल नको. कागदावं लिव. आनि तूच घेऊन ये."

शेठला त्याने सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "व्यवहार तर मोडला नाही ना? मग झालं." कमळाकरला फार एकटं वाटलं.

रविवारी तो बसने खैरपाड्याच्या फाट्याला उतरला आणि दोन मैल चालत गेला. शर्टाच्या खिशात कागद होता. त्यावर ऑफिसची भाषा नव्हती, धोंडीबाई बोलली तशीच ती ओळ होती. ती लिहायला त्याला अख्खी सकाळ लागली होती.

मनोज घरी नव्हता. सुट्टीचा दिवस, गाडी काढून सकाळीच कुठेतरी गेला होता. चुलीशेजारी एक ताट वाढून झाकून ठेवलं होतं.

कमळाकरने कागद वाचून दाखवला. धोंडीबाई डोळे मिटून ऐकत होती. "आता बराबर," ती म्हणाली. मग तिने झाकण उचललं. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. कागदाची घडी तिने ताटाखाली सरकवली आणि झाकण पुन्हा नीट बसवलं.

"तू जेवूनच जा," ती म्हणाली.

त्याचा हात नकळत त्या ताटाकडे गेला.

"ता नाय. ता त्याचा हाय," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी फळीवरून दुसरं ताट काढायला उठली.