मागचे अडीच फूट

तोंडात चार खिळे धरूनच सुतार ओरडला, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही आणि भिंत उजवीकडे गेली.

“डावीकडे!” त्याने खिळे हातात घेतले.

“कोणाच्या डावीकडे?” भिंतीमागून धाकट्या भावाचा आवाज आला.

“प्रेक्षकांच्या!”

भिंत सरकली. हलकीच होती. लाकडी चौकट, चौकटीवर ताणलेलं कापड, कापडावर रंग. अशा भिंती दोघे भाऊ सव्वीस वर्षं नाटकांसाठी उभ्या करत होते. थोरल्याने ठोकायच्या, धाकट्याने रंगवायच्या. राजवाडे झाले, तुरुंग झाले. आज पहिल्यांदाच घरच्या हॉलमध्ये, घरच्या माणसासाठी.

साडेचार. सुताराची बायको सहाला येणार.

तिने मागितलं होतं एवढंसंच. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर ती आठ तास काचेमागे बसायची आणि समोरची रांग तिच्याकडे बघत असायची. जांभई दिली तरी, पाणी प्यायली तरी. घरी येऊन चटई पसरली, डोळे मिटले, की सुताराची आई, घरातली आजी, विचारायची, “बरं नाही का गं?” मुलगी विचारायची, “झोपलीस?” सुतार काही विचारायचा नाही. नुसता बघायचा. ते जास्त वाईट.

परवा ती म्हणाली, “अहो, मला रोज अर्धा तास कोणाला दिसायचं नाहीये. आसनं करीन, श्वास मोजीन, नाहीतर नुसती बसेन. जमतंय का बघा.”

जमतंय का! आणि हे सुताराला विचारायचं?

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तिला बहिणीकडे पिटाळली. सोफा ओढला. टीव्ही उचलून स्वयंपाकघरात. धाकटा पहाटेचं आभाळ रंगवत सुटला.

“पिवळा टाक रे थोडा,” आजी म्हणाली. “आजारी दिसतंय आभाळ.”

“आई, रंगारी तू की मी?”

“पहिला ब्रश कोणी घेऊन दिला?”

पिवळा पडला.

सव्वापाच. मागच्या भिंतीत दरवाजा बसला. उघडतो. लागतो. पुन्हा उघडून बघितला, उगाचच, आनंदाने.

साडेपाच. मागून टेकू.

पावणेसहा. मुलीने फरशी पुसली, सगळे ओल्या फरशीवरून चालले, ती किंचाळली, पुन्हा पुसली.

सहाला पाच कमी.

बेल. मुलगी दाराकडे धावली.

“डोळे मीट! आई, बघू नकोस! पायाखाली बघ!”

“डोळे मिटून पायाखाली कशी बघू?”

तिला हॉलच्या मधोमध उभी केली. तिने डोळे उघडले.

तीन भिंतींवर पहाट होती. कोपऱ्यात चटईसाठी फळी, फळीला गोल केलेल्या कडा.

“सुंदर आहे,” ती म्हणाली, आणि खरंच तसं म्हणाली. आत गेली. चटई अंथरली. मांडी घातली, डोळे मिटले.

समोर तीन फुटांवर सोफा. आजी बसली. मुलगी बसली. धाकटा सोफ्याच्या हातावर टेकला.

“वहिनी, जरा उजवीकडे. चेहऱ्यावर उजेड येईल.”

तिने एक डोळा उघडला.

तेव्हा कुठे सुताराच्या लक्षात आलं. कानावरची पेन्सिल काढून त्याने भिंती मोजल्या. एक, दोन, तीन. पेन्सिल फिरत सोफ्याकडे आली आणि हवेतच थांबली.

“इकडची, प्रेक्षकांकडची भिंत...” तो म्हणाला. “ती कधी केलीच नाही गं आजवर.”

मुलीला हसू फुटलं. आजीने तिला चिमटा काढला.

“उद्या करतो. सकाळीच. लाकूड आहे.”

बायकोचं लक्ष नव्हतं. ती उठून मागच्या दरवाजाशी उभी होती.

“हा कुठे जातो?”

“कुठेच नाही. मागे टेकू आहेत. माणसांना ये-जा करायला अडीच फूट सोडावेच लागतात.”

“आपल्या घरात कोण करणार होतं ये-जा?”

सुताराने मान खाजवली.

ती दरवाजा उघडून गेली. मागे रंग नव्हता. उघडं लाकूड, कापडाची कोरी बाजू, तिच्यावर नवऱ्याच्या अक्षरातली मापं. दुसऱ्या बाजूला घराची खरी भिंत आणि खरी खिडकी. तिने हात पसरले, ते पुरते पसरलेच नाहीत. दोन्ही तळवे दोन भिंतींना टेकले. ती तशीच उभी राहिली.

मग हॉलमधल्यांना दरवाजातून एक हात दिसला. हाताने चटईचं टोक धरलं. चटई सरसरत मागे गेली. दरवाजा लागला.

“वहिनी? अहो, तिथे काही नाहीये...”

“श्श,” सुतार म्हणाला.

तो सोफ्याच्या कडेवर बसला. सव्वीस वर्षांत या बाजूला बसायची त्याला सवयच नव्हती, हातांचं काय करायचं ते कळेना. समोर रिकामी खोली होती. बराच वेळ काही झालं नाही. मागची खिडकी उघडल्याचा आवाज आला. पहाटेचं कापड किंचित फुगलं. बसलं. पुन्हा फुगलं.

“सुरू झालं का रे?” आजीने अगदी हळू विचारलं.

सुताराने ओठांवर बोट ठेवलं आणि बघत राहिला.